अर्ध्या तासाची भेट

कंपनीत सोळा बायका कामाला होत्या आणि सोळाही जणी मालकिणीला वहिनी म्हणत. पहिली कामाला लागली ती मालकिणीची नणंद. ती वहिनी म्हणायची, म्हणून दुसरी म्हणू लागली, मग तिसरी, आणि पुढे पुढे तर पालिकेतले साहेबसुद्धा फोनवर "वहिनी, तुमची एक सही राहिलीये" असं बोलायला लागले. वहिनी नणंदेला वन्सं म्हणायची, तर तेही नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं. वन्सं नात्याने धाकट्या, पण वयाने वहिनीपेक्षा चार वर्षांनी मोठ्या. नवी बाई कामावर आली की गोंधळून विचारायची, "या नक्की कुणाच्या वन्सं?" जुन्या बायका सांगायच्या, "कंपनीच्या."

कंपनी म्हणजे घराची पुढची खोली. एक टेबल, भिंतीवर एक पांढरा फळा, कोपऱ्यात हातमोज्यांची खोकी आणि मोठ्या माणसांच्या डायपरांचे गठ्ठे. वहिनीचा नवरा तीन वर्षं अंथरुणाला खिळून होता. त्या तीन वर्षांत वहिनी आणि वन्सं दोघींना जे आलं ते कुठल्या वर्गात बसून येत नाही. दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, माणूस न उचलता त्याच्याखालची चादर कशी काढायची, अंग पुसताना एका वेळी एकच हात उघडा ठेवला की थंडीही वाजत नाही आणि लाजही वाटत नाही, हे सगळं त्या करता करता शिकल्या. तो गेल्यावर दोघींना दिवसभर करायला काही उरलं नाही. त्याच सुमाराला दवाखान्यातल्या एका नर्सने सांगितलं की एकट्या राहणाऱ्या, अंथरुणावरच्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन त्यांचं करायचं कंत्राट पालिका देतेय, आणि लहान कंपन्यांनाही देतेय.

पहिली चार वर्षं बरी गेली. फळ्यावर प्रत्येक बाईच्या नावाखाली पाच नाहीतर सहा म्हातारी माणसं, तीही शेजारपाजारच्या दोन-तीन गल्ल्यांतली, म्हणजे पायी उरकावीत अशी. पगार महिन्याचा, ठरलेला. कुणाकडे वीस मिनिटं लागत, कुणाकडे सव्वा तास. त्याचा हिशोब कुणी ठेवत नव्हतं, कारण बाईला आपली माणसं ठाऊक असत आणि माणसांना आपली बाई. ही घडी वन्संनीच बसवली होती. अगदी सुरुवातीला वहिनी म्हणाली होती की डोक्यामागे पैसे दिले तर कामं भराभर होतील. वन्सं म्हणाल्या, "भराभरच होतील. तेच नकोय."

मग कंत्राटाची मुदत संपली आणि नवी निविदा निघाली.

साहेबांची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याच्या टेबलावर फायलींच्या दोन थप्प्या होत्या आणि मधल्या फटीतून तो लोकांशी बोलायचा.

"वहिनी, यंदा सगळं भेटीवर आहे," तो म्हणाला. "एक भेट, अर्धा तास. बाई दारात पोचली की मोबाइलवर 'आत' दाबायचं, निघाली की 'बाहेर'. जितक्या भेटी, तितके पैसे."

"आणि एका घरून दुसऱ्या घरी जायला लागतो तो वेळ?"

"तो भेटीत धरलेला नाही."

"एखादा म्हातारा आठवडाभर दवाखान्यात गेला तर?"

"मग भेटच होत नाही ना."

"पण बाई तर महिनाभर माझ्याकडे असते."

साहेबाने चष्मा काढून डोळे चोळले. "वहिनी, बायकांना गाडीतून घरोघरी सोडते त्या गाड्यांवाल्या कंपनीने भेटीमागे जो दर भरलाय, तो ऐकलात तर खुर्चीतून उठाल. मला वरून सांगितलंय, सगळ्यात कमी दर घ्या. तुम्हाला मी ओळखतो, म्हणून एवढं बोलतोय. खाली या थोडं."

वहिनी खाली आली. जिना उतरून खाली आली आणि दरातही. घरी येऊन तिने रविवारी सगळ्या बायकांना बोलावलं आणि सांगितलं की पुढच्या महिन्यापासून पगार नाही, भेटीमागे पैसे. मग एक तरुण बाई म्हणाली, "मला चालेल. मी दिवसाला अकरा करीन." तिला सगळ्या वादळ म्हणत, कारण ती चालायची तेव्हा बरोबरीच्या बाईला पळावं लागे. दोन लहान मुली होत्या तिला, एक वाजता शाळा सुटायची. नवरा असून नसल्यासारखा. ती अकरा म्हणाली तेव्हा तिच्या डोक्यात त्या दोघीच असणार हे सगळ्यांना कळत होतं, त्यामुळे कुणी तिला बोललं नाही.

बायका गेल्यावर कपबशा गोळा करताना वन्संनी एवढंच विचारलं, "ऑपरेटरबाईंचं कसं करायचं?"

ऑपरेटरबाई वन्संकडे पहिल्या वर्षापासून होत्या. जुन्या टेलिफोन कचेरीत त्यांनी पस्तीस वर्षं कानाला फोन लावून काढली होती. लग्न केलं नाही, मागेपुढे कुणी नाही. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली होती आणि आवाजही बराचसा गेला होता. पण दार उघडल्याचा आवाज आला की आतल्या खोलीतून अजून हाक यायची, "बोला." फाटकी, घोगरी, पण नेमकी तशीच, एखादा दूरचा नंबर जोडून देणारी बाई म्हणेल तशी.

"गिऱ्हाईक आलंय," वन्सं दारातूनच म्हणायच्या.

"लाइन... बिझी आहे," ऑपरेटरबाई एक-एक शब्द जुळवत म्हणायच्या, आणि चेहऱ्याची जी बाजू हलत होती तेवढी हसायची.

अडचण होती ती गिळण्याची. अर्धा घसा ऐकत नव्हता. मऊ भात, कुस्करलेली भाजी, दाट केलेलं दूध, सगळं चहाच्या चमच्याने द्यावं लागे. हनुवटी छातीकडे झुकवायची, घास चांगल्या बाजूला ठेवायचा, आणि गळ्याची घाटी वर जाऊन खाली आलेली दिसली की मगच पुढचा. घाई केली की ठसका. एक जेवण व्हायला पन्नास मिनिटं लागायची, एखाद्या दिवशी तास. अंग पुसणं, कपडे, पाठीला औषध हे वेगळंच. वन्सं तिथे दीड तास असायच्या आणि चार वर्षांत ऑपरेटरबाईंचं वजन अर्ध्या किलोनेही कमी झालं नव्हतं, पाठीला एक जखम झाली नव्हती.

नवा महिना लागला आणि टेबलावरच्या पडद्यावर सोळा जणींच्या नावापुढे हिरवे-लाल ठिपके उमटायला लागले. भेट वेळेत झाली तर हिरवा. पस्तीस मिनिटांवर गेली किंवा पुढची उशिरा सुरू झाली तर लाल, आणि दहा लालांमागे कंपनीला दंड. पहिल्या आठवड्यात बहुतेक जणी हिरव्या होत्या. वन्संची ओळ मात्र लालच लाल.

वहिनीने चार दिवस काही म्हटलं नाही. पाचव्या दिवशी जेवताना म्हणाली, "वन्सं, एक करा. अर्धा तास झाला की 'बाहेर' दाबून टाका. मग थांबा हवं तेवढं. कोण बघायला येतंय?"

"म्हणजे बाहेर न जाताच बाहेर?"

"कागदावर बाहेर."

वन्संनी मान डोलावली. त्यांना ते पटलं नव्हतं, पण घर चालवायची जबाबदारी वहिनीची होती आणि तिच्या तोंडावर नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती. दुसऱ्या दिवसापासून वन्संची ओळ हिरवी झाली. ते बघून आणखी दोघी-तिघींनी तसंच सुरू केलं. एकीकडे एक आंधळे मास्तर होते, त्यांना अंघोळीला वेळ लागायचा. दुसरीकडे एक म्हातारं जोडपं, नवऱ्याचं झालं की बायको आपणहून नंबर लावायची. या सगळ्या जणी अर्ध्या तासाला 'बाहेर' दाबायच्या आणि पुढे फुकट काम करायच्या. वहिनीला हे माहीत होतं. पडदा हिरवागार दिसत होता आणि साहेबांचा फोन आला होता, "छान चाललंय वहिनी." त्या फोनने तिला बरं वाटलं होतं, हे तिला पुढे फार दिवस विसरता आलं नाही.

फुकटचा वेळ कुठून तरी काढावा लागतोच. वन्सं पूर्वी सहा जणांकडे जायच्या, आता पुढची भेट उशिरा सुरू होऊन लाल होऊ नये म्हणून जेमतेम चारच घ्यायच्या. उरलेली माणसं दुसऱ्यांच्या गळ्यात पडायची. बायका आडून बोलायला लागल्या. एक जण तोंडावरच म्हणाली, "वन्संचं ठीक आहे, घरचीच कंपनी आहे." वन्संनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण त्या दिवशी त्यांनी पाचवी भेट ओढूनताणून केली, आणि संध्याकाळी जिना चढताना दोनदा थांबल्या. गुडघा सुजला होता. त्या एकसष्ट वर्षांच्या होत्या.

तेव्हा वहिनीने जे आधी करायला हवं होतं ते केलं. ऑपरेटरबाईंसाठी जादा वेळेचा अर्ज लिहिला. डॉक्टरांची चिठ्ठी आणली, गिळायला त्रास आहे म्हणून. स्वतः तिसऱ्या मजल्यावर घेऊन गेली. साहेबाने अर्ज वाचला, मग संगणकावर काहीतरी उघडलं आणि पडदा तिच्याकडे वळवला.

"हे बघा. गेले तीन महिने. एकोणतीस मिनिटं, तीस, तीस, एकोणतीस, अठ्ठावीस. एकही भेट अर्ध्या तासावर गेलेली नाही."

वहिनीने डॉक्टरांची चिठ्ठी त्याच्यापुढे सरकवली.

"डॉक्टर म्हणतात वेळ लागतो," साहेब म्हणाला, "पण तुमच्याच नोंदी म्हणतात लागत नाही. मी वर काय दाखवू?"

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. पण सांगितलं तर तीन महिन्यांच्या सगळ्या नोंदी खोट्या ठरत होत्या, आणि खोट्या नोंदींचं कलम कंत्राटाच्या चौथ्या पानावर होतं. तिने सही करताना ते वाचलं होतं. तिने अर्ज उचलला, घडी घालून पिशवीत ठेवला आणि "बरं" म्हणून उठली.

घरी आल्यावर तिने फळा पुसला आणि नव्याने लिहायला घेतला. वन्संना घराजवळची चार सोपी माणसं दिली, ज्यांना फक्त गोळ्या द्यायच्या आणि अंथरूण आवरायचं. ऑपरेटरबाईंची गल्ली वादळच्या वाटेवर पडत होती. ती तिने वादळच्या नावाखाली लिहिली.

वन्सं दारात उभ्या राहून बघत होत्या. "वहिनी, ती पोर थांबू शकणार नाही गं. तिच्या मुली एक वाजता सुटतात."

"तुमचा गुडघा बघितलात का?"

"गुडघ्याचं मी बघीन."

"कोण बघणार? तुम्ही पडलात तर तुमचं करायला मी एकटी आहे." हे म्हणताना वहिनीचा आवाज चढला. त्या घरात एवढ्या वर्षांत आवाज चढला नव्हता. दुसऱ्या दिवशी वन्सं वादळबरोबर ऑपरेटरबाईंकडे गेल्या आणि तिला सगळं करून दाखवलं. हनुवटी कशी, घास केवढा, घाटी कशी बघायची. वादळच्या हाताला गुण होता. तिने एकदाच बघून बरोबर केलं. निघताना वन्संनी ऑपरेटरबाईंचा चांगला हात हातात घेऊन सांगितलं, "आता ही येईल. माझी बदली झाली."

ऑपरेटरबाई बराच वेळ तोंड हलवत राहिल्या. शेवटी शब्द आले, "कुठे... जोडून देऊ?"

वन्संनी हे घरी सांगितलं नाही. वहिनीला ते पुढे वादळकडून कळलं.

वादळ मनापासून करायची. पण अर्ध्या तासात अंग पुसून, कपडे बदलून जेवणाला पंधरा मिनिटं उरायची आणि पंधरा मिनिटांत सात-आठ चमचे जायचे. पहिला महिना ती रोज दहा मिनिटं जास्त थांबली आणि मुलींना शाळेच्या फाटकाशी ताटकळत ठेवलं. मग शाळेतून निरोप आला. मग तिने जेवण पातळ करायला सुरुवात केली, म्हणजे लवकर जाईल. पातळ जेवणाने ठसका जास्त लागतो हे तिला वन्संनी सांगितलं होतं आणि तिला ते आठवतही होतं. तिने वहिनीला फोन केला.

"वहिनी, यांचं पोट भरत नाहीये. ठसकाही लागतोय. काय करू?"

वहिनी तेव्हा दोन गैरहजर बायकांच्या भेटी वाटून देत होती. "जेवढं जाईल तेवढं दे. दुपारची आणखी एक भेट मिळते का बघते."

तिने खरंच बघितलं. मिळाली नाही. आठवड्याने वादळचा पुन्हा फोन आला, तोच प्रश्न, आणि वहिनीने पुन्हा तेच उत्तर दिलं, शब्दही तेच. फोन ठेवल्यावर तिच्या मनात आलं की आपण जाऊन यावं. बसने वीस मिनिटांचा रस्ता. पण दारात डायपरांचा टेम्पो उभा राहिला, मग बिलांची तारीख, मग काहीतरी. त्या आठवड्यात पडद्यावर एकही लाल नव्हता.

एका मंगळवारी सकाळी वादळ आत गेली तेव्हा आतून हाक आली नाही. ऑपरेटरबाईंचं अंग तापलं होतं आणि श्वासाला घरघर होती. तिने रुग्णवाहिका बोलावली आणि ती येईपर्यंत त्यांना बसतं करून स्वतःच्या छातीशी टेकवून धरलं. पुढच्या तिन्ही भेटी चुकल्या. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अन्न फुप्फुसात गेलंय, एकदा नाही, बऱ्याच दिवसांपासून थोडं थोडं. वजन किती होतं विचारलं. वन्संच्या वेळचं वजन वहीत होतं. आताचं त्याहून नऊ किलोने कमी निघालं.

वन्सं सुजलेल्या गुडघ्याने रोज दवाखान्यात जाऊन बसल्या. तिथे कुणी घड्याळ लावलं नव्हतं. चौथ्या दिवशी दुपारी ऑपरेटरबाई गेल्या. अखेरच्या दोन दिवसांत त्या बोलल्या नाहीत, पण वन्संनी हात धरला की बोटं हलायची, असं वन्सं म्हणाल्या. पालिकेच्या खर्चाने सगळं झालं. कंपनीतल्या सोळा जणींना यायचं होतं. बाकीच्यांच्या भेटी होत्या म्हणून चौघीच येऊ शकल्या.

पंधरा दिवसांनी पालिकेतून कागद आला. कंत्राटातल्या व्यक्तीचा मृत्यू झाला की चौकशी होते, तशी झाली होती. निष्कर्ष एका ओळीचा होता: सर्व भेटी वेळेवर व पूर्ण कालावधीच्या आढळल्या, कंपनीच्या कामात त्रुटी नाही.

वहिनीने तो कागद तीनदा वाचला. मग वन्संसमोर ठेवला. वन्संनी वाचला आणि परत दिला. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "कंत्राट टिकलं." टोमणा नव्हता त्यात. म्हणूनच वहिनीला तो शब्द सहन झाला नाही.

दुसऱ्या दिवशी ती तिसऱ्या मजल्यावर गेली आणि फायलींच्या फटीतून साहेबाला सगळं सांगितलं. कुणी 'बाहेर' दाबून आत थांबायचं, किती वेळ, कुणाच्या सांगण्यावरून.

"माझ्या सांगण्यावरून," ती म्हणाली. "सांगणारी मी. बायका तर फुकट राबत होत्या."

साहेबाने आधी उठून दार लावलं. "वहिनी, तुम्ही हे बोललात, मी ऐकलं. पण लेखी दिलंत तर मला आजच कंत्राट थांबवावं लागेल. उद्या सकाळी ऐंशी म्हाताऱ्यांची तोंडं कोण धुणार? सांगा तुम्ही."

वहिनीने लिहून द्यायला काढलेला कागद परत पिशवीत ठेवला.

"आणि मेलेलं माणूस त्याने परत येणार नाही," साहेब हळूच म्हणाला. तो खरंच समजूत घालत होता.

रविवारी तिने पुन्हा सगळ्या जणींना बोलावलं. टेबलामागे न बसता ती हातमोज्यांच्या खोक्यावर बसली आणि साहेबाला सांगितलं होतं ते पुन्हा सांगितलं, पण या वेळी शेवट वेगळा होता. "मी लेखी काही दिलेलं नाही. पण उद्यापासून खरं दाबायचं. जितका वेळ आत आहात तितका वेळ आत. लाल होऊ दे. दंड कंपनीला बसेल, तुम्हाला नाही. जिथवर चालेल तिथवर चालवू."

"आणि नाही चाललं तर?" एकीने विचारलं.

"तर नाही चालणार. गाड्यांवाले तुम्हाला घेतील. त्यांना हात लागतातच."

खोलीच्या कोपऱ्यात वादळ गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. गेले तीन आठवडे ती कामावर येत होती, जात होती, कुणाशी बोलत नव्हती. ती डोकं न उचलता म्हणाली, "मी पातळ केलं. मला माहीत होतं आणि मी पातळ केलं."

कुणी काही म्हणायच्या आत वन्सं उठल्या, एक पाय आखडत तिच्यापाशी गेल्या आणि जमिनीवर बसल्या. त्यांना जमिनीवर बसायला डॉक्टरांनी मनाई केली होती. "तुझ्याकडे वेळ नव्हता," त्या म्हणाल्या. "तो तुझ्याकडून कुणी काढून घेतला, ते या खोलीत सगळ्यांना माहितीये. तू रडायचं असेल तर रड. पण ते अंगावर घेऊ नकोस."

वन्संनी वहिनीकडे बघितलं नाही. बघायची गरजही नव्हती.

पुढचे तीन महिने पडदा लालभडक होता. चाळीस मिनिटं, पंचावन्न, सत्तर, छत्तीस. पहिल्या महिन्याचा दंड वहिनीने शिल्लकीतून भरला, दुसऱ्या महिन्याचा दागिने ठेवून. तिसऱ्या महिन्यात पालिकेची नोटीस आली आणि चौथ्याच्या एक तारखेला ते काम गाड्यांवाल्या कंपनीकडे गेलं. सोळातल्या तेरा जणींना त्यांनी घेतलं, भेटीमागे, आधीपेक्षा जरा कमीच दराने. वन्सं घरी बसल्या. टेबल वहिनीने विकलं. फळ्याला कुणी गिऱ्हाईक मिळेना, म्हणून तो भिंतीवरच राहिला.

वहिनीने एका खाजगी नर्सिंग होममध्ये रात्रपाळी धरली. दोघींचं त्यात भागत होतं. दोघी एकाच घरात राहत होत्या, एकाच स्टोव्हवर रांधत होत्या, एकमेकींच्या औषधांच्या वेळा पाळत होत्या. भांडण नव्हतं. पण पूर्वी जेवताना दिवसभराचं बोलणं व्हायचं, ते आता होत नव्हतं. एकदा वहिनी म्हणाली, "वन्सं, मला एकदा तरी काहीतरी बोला." वन्संनी बराच वेळ ताटातला भात एका बाजूला गोळा केला आणि म्हणाल्या, "काय बोलू गं. तू माझ्या गुडघ्यासाठी केलंस. तेच मला गिळता येत नाहीये."

वर्षभराने, एका रविवारी सकाळी, वादळ आली. अंगात गाड्यांवाल्यांचा निळा कोट होता. चहाचा एक घोट घेऊन ती म्हणाली, "वहिनी, एक सांगायचं होतं. पालिकेने नवीन यादी काढलीये. जादा वेळेची. अकरा माणसं आहेत त्यात. आंधळे मास्तर आहेत, ते जोडपं आहे. आमच्या सुपरवायझरने विचारलं, हे कुठून आलं, तर साहेब म्हणाले म्हणे, जुन्या कंपनीच्या शेवटच्या तीन महिन्यांच्या नोंदी होत्या, त्यांवरून."

वहिनीने हातातला कप खाली ठेवला.

"किती वेळ दिला जादा?" वन्संनी आतून विचारलं.

"पंधरा मिनिटं."

वहिनीच्या मनाने नको असताना हिशोब केलाच. अर्धा तास आणि पंधरा मिनिटं. अंग पुसणं, कपडे, पाठीचं औषध, आणि मग जेवणाला उरतो अर्धा तास. ऑपरेटरबाईंना तेवढ्यात पुरलं नसतं. निम्मंच गेलं असतं पोटात, पण दाट गेलं असतं. त्या आणखी किती दिवस काढू शकल्या असत्या, हे तिला ठरवता येईना.

वन्सं बाहेर आल्या. वादळसमोर जमिनीवर बसल्या आणि तिचा कोट बोटांनी चाचपून बघितला. "मास्तरांना अंघोळ कोण घालतं आता?"

"मीच."

"पाणी आधी पायांवर घाल. डोक्यावर एकदम घातलंस तर दचकतात ते. दिसत नाही ना."

"हो, वन्सं."

"आणि त्यांच्याशी बोलत राहा. गप्प बसलीस की त्यांना वाटतं खोलीत कुणी नाही."

खाली रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला, एकदा, मग लगेच पुन्हा. रविवारच्याही भेटी होत्या. वादळ अर्धा चहा तसाच ठेवून उठली, वाकून दोघींच्या पाया पडली आणि जिना उतरून गेली. वहिनी खिडकीत गेली. गाडीत आणखी पाच जणी बसल्या होत्या, एकीने दार आतून ओढून घेतलं. गाडी वळणापलीकडे गेल्यावरही वहिनी तिथेच उभी होती, आणि वन्सं जमिनीवरून उठायला हात पुढे करून तिची वाट बघत होत्या.